पहिल्यांदाच कार्ताहेनाला जाताय? तटबंदीपासून पालेंकेपर्यंत पाच दिवसांची वाट

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट नीट बघून घ्या. कार्ताहेना नावाची दोन बंदरं आहेत. एक स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर आणि दुसरं अटलांटिकच्या पलीकडे, कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे. त्याचं पूर्ण नाव 'कार्ताहेना दे इंदियास'. आपल्याकडे बरेच जण 'कार्टाजेना' म्हणतात, पण तिथल्या टॅक्सीवाल्याला ते पटकन कळणार नाही. 'ज'च्या जागी 'ह' म्हणायची सवय विमानातच करून घ्या.

पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ साली हे शहर वसवलं. दक्षिण अमेरिकेतली संपत्ती युरोपात नेणारे स्पेनचे ताफे इथे थांबायचे, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं इथे विकली जायची. संपत्तीमुळे चाचे आले, चाच्यांमुळे तटबंदी आली, आणि ती तटबंदी बांधायला गुलाम राबले. इथला किल्ला, चर्च, मिठाईचा बाजार, अगदी डोक्यावर फळांची परात घेऊन फिरणाऱ्या बायकासुद्धा याच गोष्टीचा भाग आहेत. म्हणून माझा आग्रह असा की आधी शहर बघा, मग समुद्र. क्रूझवाले लोक उलटं करतात. सकाळी उतरतात, रंगीत घरांचे फोटो काढतात आणि संध्याकाळी बोटीवर परततात. तुम्ही निदान पाच दिवस हातात ठेवा.

निघण्याआधीची कागदपत्रं

सगळ्यात आधी लस, कारण इथेच भारतीय प्रवासी अडकतो. कोलंबिया हा पीतज्वराचा, म्हणजे 'यलो फिव्हर'चा, देश मानला जातो. तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे ते छोटं पिवळं कार्ड, दाखवावं लागतं. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे वेळ आधी घ्यावी लागते आणि टोचल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही, महिनाभर आधीच उरकून टाका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

दुसरी गोष्ट व्हिसा. अर्ज कोलंबियाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना ठरावीक अटींवर वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळत आला आहे, पण या अटी बदलत असतात. तिकिटाआधी त्याच संकेतस्थळावर स्वतः वाचा. प्रवाशांसाठीचा 'चेक-मिग' नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रस्थानाच्या ७२ तास आधीपासून भरता येतो आणि तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही एवढं ओळखा.

भारतातून थेट विमान नाही. माद्रिद, पॅरिस, ॲमस्टरडॅम किंवा इस्तंबूलमार्गे बोगोता, आणि तिथून दीड तासात कार्ताहेना. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे फार सोपं आहे. मायामीहून थेट विमान तीनेक तासांत पोचवतं. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांनी आई-वडील बरोबर असतील तर बोगोताला एक रात्र विश्रांती घ्यावी. पण ते शहर २,६०० मीटर उंचीवर आहे, एकदम जिने चढू नका.

बारीकसारीक: वीज ११० व्होल्टची आणि चपट्या पिनांची, म्हणून ॲडॉप्टर हवा. वेळ भारताच्या साडेदहा तास मागे. चलन पेसो, एका रुपयाला साधारण ४० ते ५०. पेसोलाही डॉलरचंच चिन्ह लावतात, त्यामुळे पाटीवर २०.००० दिसलं तर दचकू नका, ते वीस हजार पेसो असतात.

कधी जायचं, कुठे उतरायचं

डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम. समुद्रावरून वारा वाहतो आणि उकाडा सुसह्य होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सर्वांत जास्त पाऊस. त्या दिवसांत मोठ्या भरतीला सखल रस्त्यांवर पाणीही चढतं. बाकी हवा वर्षभर मुंबईच्या मे महिन्यासारखी, दमट. म्हणून दिवसाची आखणी उन्हाप्रमाणे करा: सकाळी ७ ते ११ फिरणं, दुपारी जेवण आणि झोप, चारनंतर पुन्हा बाहेर. दुपारी १२ ला किल्ल्यावर चढणारे आणि निम्म्यातून परतणारे पाहुणे रोज दिसतात.

राहायला तीन भाग आहेत. तटाच्या आतलं जुनं शहर देखणं आणि महाग. बोकाग्रांदे म्हणजे उंच इमारतींचा किनारा. तिथे लिफ्ट आहे, एसी आहे, पण शहराचा गंध नाही. माझी पसंती हेत्सेमानीला. पूर्वी कारागीर आणि मुक्त कृष्णवर्णीय लोकांची ही वस्ती होती. स्वातंत्र्याची मागणी घेऊन ११ नोव्हेंबर १८११ ला जे लोक रस्त्यावर आले, त्यांतले बरेच याच गल्ल्यांतले होते. आता भाडी वाढल्यामुळे जुनी कुटुंबं इथून हलू लागली आहेत, म्हणून शक्य असेल तर तिथल्याच माणसाने चालवलेल्या घरात उतरा. त्रिनिदाद चौकाला लागून असलेली खोली मात्र टाळा, शनिवारी पहाटेपर्यंत गाणी चालतात.

विमानतळ शहराला चिकटूनच आहे. टॅक्सीला मीटर नसतो, विभागानुसार दर ठरलेले असतात. बसण्याआधी दर विचारा, नंतर नाही.

पहिला दिवस: घड्याळाच्या मनोऱ्यातून आत

सकाळी लवकर 'तोर्रे देल रेलोह' या पिवळ्या घड्याळ-मनोऱ्याखालच्या दरवाजातून आत शिरा. समोर त्रिकोणी चौक लागतो, 'प्लासा दे लोस कोचेस'. आज तिथे बाकं आणि कॉफी आहे, पण गुलामांचा बाजार याच जागी भरायचा. दोन मिनिटं थांबून मगच पुढे जा.

चौकाच्या कडेला कमानींखाली मिठाईवाल्यांची रांग आहे, 'पोर्ताल दे लोस दुल्सेस'. काचेच्या बरण्यांत काय दिसेल? नारळाच्या वड्या, साखरेत घोळलेल्या चिंचेच्या गोळ्या, गुळात बांधलेले भरडधान्याचे लाडू. मला तर कोकणातल्या जत्रेत उभं असल्यासारखं वाटलं. तिथल्या नारळाच्या वडीला 'कोकादा' म्हणतात. अननस घातलेली आणि जळक्या गुळाची अशी दोन्ही घ्या.

तिथून पाच मिनिटांवर सान पेद्रो क्लावेरचं चर्च आणि मठ. हा येशूसंघी (जेसुइट) पाद्री १६१० मध्ये इथे आला आणि १६५४ मध्ये इथेच वारला. गुलामांची जहाजं बंदराला लागली की तो पाणी, फळं आणि औषधं घेऊन तळघरात उतरायचा. स्वतःला 'गुलामांचा गुलाम' म्हणवायचा. त्याच्या अस्थी आज वेदीखाली आहेत. मठाची छोटी खोली आणि अंगण तिकीट काढून बघा. एक गोष्ट मार्गदर्शक क्वचितच सांगतात. आफ्रिकी भाषा बोलणारे त्याचे दुभाषे स्वतः गुलामच होते, आणि त्यांची मालकी त्याच्याच संघाकडे होती. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली घडल्या, आणि त्या दोन्ही माहीत असायला हव्यात.

पुढे बोलिवार चौक, सावलीचा. एका बाजूला इन्क्विझिशनचा वाडा, समोर सोन्याचं संग्रहालय. गोव्यात पोर्तुगिजांनी १५६० साली जे धर्मन्यायालय आणलं, त्याच जातीचं न्यायालय स्पेनने इथे १६१० मध्ये बसवलं. मेक्सिको आणि लिमानंतर स्पॅनिश अमेरिकेतलं हे तिसरं. इमारतीचा भव्य दगडी दरवाजा नंतरचा, १७७० चा. बाजूच्या गल्लीत भिंतीला एक लहानशी खिडकी आहे, तिच्यातून शेजाऱ्याविरुद्ध चुगली देता यायची. आतली यातनायंत्रं बघून लहान मुलं घाबरू शकतात, पण खिडकी सगळ्यांनी बघावी. सोन्याच्या संग्रहालयात सेनू लोकांचं तारकाम आहे. स्पॅनिश येण्याआधी या पूरप्रदेशात कालवे खणून शेती करणारे हे लोक. अर्ध्या तासात बघून होतं, आणि आत थंड असतं.

संध्याकाळी साडेपाचला तटावर चढा. सगळे जण सांतो दोमिंगोच्या बुरुजाकडे जातात, तिथे गर्दी आणि महागडी पेयं. तुम्ही तटावरूनच उत्तरेला चालत राहा, 'लास बोवेदास'कडे. अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली ही २३ कोठारं, आता त्यांत हस्तकलेची दुकानं आहेत. वाटेत भिंतीच्या दगडाकडे निरखून बघा, त्यात प्रवाळाच्या नक्षीच्या खुणा दिसतील. हा तट समुद्रातल्याच दगडाचा आहे. वर बसून सूर्यास्त बघायला एक पैसा लागत नाही.

दुसरा दिवस: सान फेलिपेचा किल्ला

किल्ल्यांची आवड असेल तर इथे घाई करू नका. दरवाजा उघडताच आत असा, कारण वर सावली नाही. पाण्याची बाटली, टोपी आणि फोनवर टॉर्च, एवढं पुरे.

पायथ्याशी हे शहर राखणारा स्पॅनिश आरमाराचा सेनापती ब्लास दे लेसो याचा पुतळा आहे. एक पाय नाही, एक डोळा नाही, एक हात निकामी. मार्च १७४१ मध्ये इंग्रज ॲडमिरल व्हर्नन दीडशेहून अधिक जहाजं आणि २५ हजारांच्या आसपास माणसं घेऊन आला. आतमध्ये लढणारे तीन-चार हजार. बंदराच्या तोंडावरचे किल्ले पडले, आणि लंडनमध्ये विजयाची पदकंसुद्धा पाडली गेली. त्यांवर लेसो गुडघे टेकून शरण येताना दाखवला होता. मग एप्रिलमधल्या एका रात्री इंग्रज या टेकडीवर चढून आले. बचाव करणाऱ्यांनी भोवती खंदक खोल केला होता, त्यामुळे शिड्या आखूड पडल्या, असं सांगतात. हल्ला कोसळला. उरलेलं काम पीतज्वराने आणि हगवणीने केलं, हजारो सैनिक जहाजांवरच मेले. लस टोचून घेताना दंड दुखेल, तेव्हा हे आठवा.

त्यांतून वाचलेला एक तरुण अधिकारी म्हणजे लॉरेन्स वॉशिंग्टन. त्याने व्हर्ननचं नाव आपल्या मळ्याला दिलं, आणि तोच 'माउंट व्हर्नन' पुढे त्याचा सावत्र भाऊ जॉर्ज वॉशिंग्टन याचं घर झाला.

वर जाताना हे ध्यानात ठेवा: १७४१ मध्ये फक्त माथ्यावरचा छोटा कोट होता. आज टेकडीभर पसरलेले तोफांचे टप्पे आन्तोनियो दे आरेवालो या अभियंत्याने १७६२ नंतर बांधले. एक टप्पा शत्रूच्या हाती पडला तरी वरच्या टप्प्यावरून त्याच्यावर मारा करता यावा, अशी ती रचना आहे. आतली भुयारं तर अनुभवायलाच हवीत. एकाने दूर जाऊन हलकेच बोलावं, दुसऱ्याने कान द्यावा. पावलांचा आवाज दुसऱ्या टोकाला स्पष्ट पोचतो, आणि पहारेकऱ्याला नेमकं तेच हवं असायचं. गुडघेदुखी असलेल्यांनी उताराच्या वाटेवरूनच चढावं, भुयारातले जिने निसरडे असतात.

उतरल्यावर ऊर्जा असेल तर टॅक्सीने 'ला पोपा' टेकडीवरच्या मठात जा. सुमारे दीडशे मीटर उंचीवरून शहर, खाडी आणि किल्ला एका नजरेत येतात. पायी मात्र चढू नका, वाटेवर लुटालुटीचे प्रकार होतात.

तिसरा दिवस: बंदराचं तोंड आणि बेटं

होड्या 'ला बोदेगिता' या धक्क्यावरून सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान सुटतात. तिकिटाशिवाय बंदराचा कर वेगळा भरावा लागतो, म्हणून सुटे पेसो ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि होडीत मागच्या बाजूला बसा. पुढचा भाग लाटांवर असा आपटतो की पाठीचे मणके हलतात. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. दुपारी वारा चढतो, म्हणून तीनच्या आत परतीला लागणारीच होडी निवडा.

बाहेर पडताना डावी-उजवीकडे लक्ष ठेवा. खाडीला दोन तोंडं आहेत, बोकाग्रांदे म्हणजे मोठं तोंड आणि बोकाचिका म्हणजे छोटं. मोठ्या तोंडातून शत्रू शिरू नये म्हणून आरेवालोने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे समुद्राच्या तळावरून दगडी बांध उभा केला. विजयदुर्गाच्या पाण्याखालच्या भिंतीबद्दल ऐकत मोठा झालेला माणूस इथे हरखून जातो. तो बांध आजही पाण्याखाली आहे आणि मोठी जहाजं आजही बोकाचिकातूनच आत येतात. तिथे अलीकडे सान फेर्नांदो, पलीकडे सान होसे, असे समोरासमोर दोन किल्ले. बेटांच्या सहलीत ते फक्त होडीतून दिसतात. स्वतंत्र होडीने सान फेर्नांदोला उतरून या, कारण इथे पाहुणे कमी येतात आणि अर्धवर्तुळाकार तटावर तुम्ही आणि वारा एवढेच असता.

बेटांपैकी रोसारियो हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग, प्रवाळ बघायचे तर तिकडे जा. प्रवाळावर उभे राहू नका आणि तारामासा विकत घेऊ नका. बारू बेटावरचा 'प्लाया ब्लांका' किनारा पांढरा आणि सुंदर आहे, पण सुट्टीच्या दिवशी चौपाटीसारखा भरतो. आता पूल झाल्यामुळे तिथे गाडीनेही जाता येतं. कुणी फुकट म्हणून पायाला मालिश सुरू केलं किंवा एक शिंपला उघडून चाखायला दिला, तर आधी दर विचारा. आमच्यातल्या एकाने विचारला नाही, आणि शेवटी जेवणाहून मोठं बिल भरलं.

समुद्र नको असेल तर 'ला बोकिया'. शहराच्या उत्तरेला कोळ्यांचं गाव, तिथे गावकरी लाकडी होडीतून कांदळवनात फिरवतात. इंजिन नाही, वल्ह्यांचा आवाज आणि बगळे. मला हे बेटांपेक्षा आवडलं.

चौथा दिवस: पालेंके

वेळ कमी पडला तर बाकी काहीही गाळा, हा दिवस गाळू नका.

बेनकोस बियोओ नावाचा आफ्रिकेतून आणलेला माणूस सोळाव्या शतकाच्या अखेरीस कार्ताहेनातून पळाला. त्याच्याबरोबर आणि त्याच्यानंतर अनेक जण पळाले आणि आतल्या डोंगराळ भागात लाकडी कुंपणाच्या वस्त्या करून राहिले. अशा वस्तीला 'पालेंके' म्हणत. बियोओला १६२१ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्यांनी फाशी दिली. पण लोक हटले नाहीत, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश सत्तेला त्यांच्याशी तह करावा लागला. त्यांतलं सान बासिलियो दे पालेंके हे गाव आजही नांदतं आहे. अमेरिका खंडातलं पहिलं मुक्त गाव म्हणून गावकरी ते दाखवतात.

शहरापासून सुमारे ५० किलोमीटर. बसने फाट्यावर उतरून पुढे मोटारसायकलवरून जाता येतं, पण पहिल्यांदा जाताना पालेंकेच्याच मार्गदर्शकाबरोबर जा. पैसे गावात राहतात, आणि घरांची दारं त्याच्यामुळेच उघडतात. चौकात बियोओचा पुतळा आहे, साखळ्या तोडलेला. गावाची स्वतःची भाषा आहे, पालेंकेरो. शब्द बहुतेक स्पॅनिश, पण तिच्यात मध्य आफ्रिकेतल्या किकोंगो भाषेचा अंश मुरलेला आहे. कुणी वारलं की नऊ रात्री जागवून ढोलावर 'लुम्बालू' गातात. २००५ मध्ये युनेस्कोने या गावाची संस्कृती मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केली. बायका वेणीच्या गुंफणीतून पळवाटांचे नकाशे दाखवायच्या, असं गावातल्या आजी सांगतात. वेणी घालून घेता घेता ती गोष्ट ऐका.

आन्तोनियो सेर्वान्तेस, म्हणजे 'किड पाम्बेले', हा १९७२ चा जगज्जेता मुष्टियोद्धा इथलाच. त्याच्या विजयानंतर गावात वीज आली, हे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो.

कार्ताहेनाच्या चौकांत रंगीत झगे घालून डोक्यावर फळांची परात घेतलेल्या ज्या 'पालेंकेरा' दिसतात, त्या याच गावच्या. आधी विचारा, पैसे द्या किंवा फळं घ्या, मगच फोटो काढा. तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे.

पाचवा दिवस: खाणं आणि मोकळा वेळ

शाकाहाऱ्यांनी 'सिन कार्ने' एवढंच म्हटलं तर ताटात कोंबडी येते, कारण तिथे 'कार्ने' म्हणजे लाल मांस. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं पूर्ण म्हणा: मांस नको, कोंबडी नको, मासा नको. सुक्या कडधान्यांच्या भाजीत डुकराचं मांस असू शकतं, विचारून घ्या.

नंतर मात्र चंगळ आहे. 'मोते दे केसो' हे कोनफळाच्या जातीच्या कंदाचं आणि खारट चीजचं दाट सूप. 'पाताकोनेस' म्हणजे चेपून दोनदा तळलेली कच्ची केळी. 'आर्रोस कोन कोको' हा नारळाचं दूध तांबूस होईपर्यंत आटवून केलेला भात, आपल्या नारळी भाताचा दूरचा भाऊ. 'कारिमान्योला' युकाच्या पिठाची, पण आत बहुधा खिमा असतो, चीजची मागा. युका म्हणजे तोच कंद ज्याचा आपण साबुदाणा करतो. गुळाला 'पानेला' म्हणतात, आणि लिंबू पिळलेलं गार गूळपाणी उन्हातून आल्यावर अमृत लागतं.

फळवाल्याकडे 'निस्पेरो' मागा. हातात चिकू पडेल! आपण घोलवड-डहाणूचा समजतो तो चिकू मुळात याच भागातला, मेक्सिको आणि कॅरिबियनचा. पेरू, पपई, अननस, काजूसुद्धा अमेरिकेतूनच आपल्याकडे आले.

उरलेला दिवस हेत्सेमानीच्या भित्तिचित्रांत घालवा. किंवा तासभर गाडीने तोतुमोच्या चिखलज्वालामुखीला जा, उबदार चिखलात तरंगता येतं आणि नंतर शेजारच्या तळ्यात धुऊन काढतात. रात्री त्रिनिदाद चौकात पायऱ्यांवर बसा. मुलं फुटबॉल खेळतात, कुणीतरी 'चाम्पेता' हे इथलं नाचाचं संगीत लावतं आणि शेजारी नाचू लागतात. तुम्हाला ओढलं तर उठा.

सुरक्षिततेबद्दल तिथली एक म्हण आहे, 'नो दार पापाया': पपई पुढे करू नका. म्हणजे महागडा फोन हातात मिरवू नका, गळ्यात सोन्याची चेन घालू नका, रात्री उशिरा रिकाम्या गल्लीतून जाऊ नका. संकटात १२३ हा क्रमांक.

परतीला सामान भरताना कोकादा पेटीत ठेवा, पण ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या आतच असू द्या. मुंबईत उतरल्यावर पहिल्यांदा तेच मागतात.